बोटीच्या टोकावर एकालाच उभं राहता येतं: जोडीने पहिल्यांदा बेलीझला फ्लाय फिशिंगला जाताना

आमच्या घरात फ्लाय फिशिंगचं वेड माझ्या नवऱ्याचं. मी मालवणची, त्यामुळे मासा म्हणजे ताटातला, फार तर आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचे तेव्हा गरीला लावलेली कोळंबी आणि तासन्‌तास वाट बघणं एवढंच माझं शिक्षण. ह्यूस्टनला आल्यावर हा हिवाळ्यात ग्वाडालुपे नदीवर ट्राउटसाठी जायला लागला, कॅनियन धरणाच्या खालचं पाणी थंड असतं आणि तिथे हिवाळ्यात ट्राउट आणून सोडतात, मी थर्मास घेऊन काठावर बसायचे आणि मग कंटाळून एकदा रॉड हातात घेतला. लग्नाला १० वर्षं झाली तेव्हा मी म्हटलं गरम पाण्यात जाऊया. माझ्या डोक्यात झोपाळा होता, त्याच्या डोक्यात बोनफिश, उथळ समुद्रातला मासा. बेलीझवर, मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशावर, दोघांचं जमलं, पण तिथे जाऊन आम्ही ज्या काही चुका केल्या त्या बघता कुणीतरी आधी हे सगळं सांगायला हवं होतं असं वाटलं, म्हणून लिहितेय.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या गळाला शिसं असतं, त्याच्या वजनाने गळ लांब जातो. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, पिसं-दोरा गुंडाळलेला हुक असतो तो, वजन असतं जाड लाइनला, आणि ती लाइन मागे-पुढे चाबकासारखी उलगडून फ्लाय नेऊन ठेवायची. समुद्रातल्या फ्लॅट्सवर, म्हणजे गुडघाभर पाण्याच्या मैलोन्‌मैल उथळ पट्ट्यांवर, नुसतं टाकून बसत नाहीत. आधी मासा दिसला पाहिजे, मग त्याच्या पुढ्यात टाकायचं. मासेमारीपेक्षा शिकार जास्त.

बेलीझच का

ह्यूस्टनहून थेट विमान आहे, अडीच तासांच्या आसपास. राज्यभाषा इंग्रजी (१९८१ पर्यंत ब्रिटिशांकडे होता देश). बेलीझ डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला, एकाला दोन, आणि अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, फक्त किंमत ऐकली की "कुठले डॉलर?" हे विचारायचंच, लाजायचं नाही. आम्ही एका गोल्फ कार्टच्या भाड्यात यावरूनच दुप्पट हिशोब करून बसलो होतो. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचे नियम विमानाचं बुकिंग करायच्या आधी तपासा, नंतर नाही.

मुख्य कारण म्हणजे बोनफिश, परमिट आणि टार्पन हे तीनही मासे एकाच ठिकाणी मिळू शकतात. आणि ज्याला त्या दिवशी मासे नको असतील त्याला करायला भरपूर आहे. जगातला दुसऱ्या नंबरचा मोठा बॅरियर रीफ, म्हणजे प्रवाळांचा बांध, किनाऱ्याला लागून आहे, १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जोडीने जाताना हा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा मोठा, हे माझं मत.

पहिल्या ट्रिपला आम्ही अँबरग्रिस की बेटावर सॅन पेद्रोला राहिलो. टर्नेफ अटोलवर (प्रवाळांच्या कड्यातल्या बेटांवर) फिशिंग लॉज आहेत, तिथले फ्लॅट्स सुंदर आहेत, पण तिथे दिवसभर मासे आणि रात्री माशांच्या गप्पा, दोघंही वेडे असाल तरच जा. दक्षिणेला पुंता गोर्दा परमिटवाल्यांची पंढरी आहे, पहिल्या वेळी तिथे जाऊन रडायचं कशाला. सॅन पेद्रोत गाव आहे, हॉटेलं आहेत, पश्चिमेला तिवरांची खाजणं आणि फ्लॅट्स, पूर्वेला रीफ.

कधी जायचं

आम्ही एप्रिलअखेर गेलो. बोनफिश वर्षभर असतात. मोठे टार्पन उन्हाळ्यात फिरत येतात, छोटे खाजणात कायम असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून थंड वारे येतात, दोन-तीन दिवस पाणी गढूळ आणि आभाळ भरलेलं, आणि आभाळ भरलं की मासा दिसत नाही, म्हणजे खेळ संपला. जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन. मार्च-एप्रिलला वारा असतो पण ऊन चोख. भरती-ओहोटी तिथे अगदी थोडी, फूटभर किंवा त्याहूनही कमी, आपल्या कोकणातल्या भरतीच्या सवयीने वेळापत्रक काढत बसू नका, वाऱ्याचा अंदाज बघा.

दोन महिने आधी: गवतावर उभं राहा

हेच काम सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळे टाळतात. नवीन रॉड घेतात, मैदानात जात नाहीत. आमचा हा नदीवर पंधरा-वीस फूट टाकणारा माणूस, त्याला वाटलं आपल्याला येतं. फ्लॅटवर चाळीस फूट लागतात, वाऱ्यात, आणि मासा दिसल्यापासून चार-पाच सेकंदांत. मागे-पुढे सहा वेळा लाइन फिरवत बसलात तर मासा गेला असतो.

आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास पुरे. हुक कापलेली फ्लाय किंवा नुसता लोकरीचा तुकडा बांधा, चाळीस फुटांवर कागदी प्लेट ठेवा. सुरुवात फ्लाय हातात धरून, लाइन पायाशी पडलेली, कारण बोटीवर तशीच असते. जोडीदाराने कुठूनही ओरडायचं "दोन वाजता, तीस फूट!" (घड्याळातली दिशा, समोर म्हणजे बारा) आणि तुम्ही जास्तीत जास्त दोन वेळा लाइन फिरवून टाकायची. वारा असेल त्याच दिवशी मुद्दाम जा. वारा उजव्या खांद्यावर येत असेल तर (उजव्या हाताने टाकणाऱ्यांची) फ्लाय कानात घुसते, तेव्हा पाठ फिरवून मागच्या कास्टवर, म्हणजे मागच्या फेकीवर, सोडायची, हे गवतावरच शिका. डाव्या हाताने लाइन झटका देऊन खेचायची ती डबल हॉल नावाची कला यूट्यूबवर बघून महिन्याभरात बरी जमते, आमच्याकडे ती मला आधी जमली हे नोंदवून ठेवते.

दुसरी प्रॅक्टिस खास जोडीने करायची. ट्राउटवाल्यांना मासा लागला की रॉड वर उचलायची सवय असते. समुद्रात तसं केलं की फ्लाय तोंडातून बाहेर. इथे रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन लांब आणि सलग ओढायची, हुक बसतो, मग रॉड वर. तर एकाने लांब उभं राहून लाइनचं टोक चिमटीत धरायचं, दुसऱ्याने हळूहळू ओढत यायचं, आणि पलीकडच्याने मधेच न सांगता घट्ट धरायचं. रॉड उचलला की त्या दिवशीची भांडी त्याची. आमच्याकडे आठ दिवस भांडी त्यानेच घासली, आणि तरीही तिथे पहिल्या तीन माशांना त्याने रॉड उचललाच.

गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्यावर आम्ही एक रविवार रेडफिश माशासाठी गेलो, मासा नाही मिळाला पण खाऱ्या वाऱ्यात उभं राहून सराव झाला. शक्य असेल तर असा एक दिवस करा.

सामान

दोघांत दोन रॉड बस. आठ नंबरचा (नंबर म्हणजे रॉड किती जड लाइन पेलतो ते), नऊ फुटी, चार तुकड्यांचा, प्रत्येकी एक. परमिट-टार्पनसाठी नऊ-दहा किंवा अकरा-बारा नंबरचा लागतो तो गाईडकडे मिळतो का ते बुकिंगच्या वेळी विचारा, पहिल्या ट्रिपला विकत घेऊ नका. पैसे रीलवर घाला, ड्रॅग (पळणाऱ्या माशाला आवरणारा रीलचा ब्रेक) सीलबंद हवा, मिठाचं पाणी आत गेलं की रील संपला, आणि मागे किमान दीडशे यार्ड बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागचा राखीव दोरा. लाइन ट्रॉपिकलच घ्या, थंड पाण्याची लाइन त्या उन्हात मऊ पडते, शिजलेल्या शेवयांसारखी, रॉडच्या कड्यांतून पुढे सरकत नाही. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायच्या मधला पारदर्शक दोरा, नऊ ते बारा फूट, टोकाला दहा-बारा पौंड ताण पेलणारा फ्लोरोकार्बनचा दोरा.

फ्लाय बॉक्समध्ये शंभर प्रकार नकोत. बेलीझचे बोनफिश छोटे, बहुतेक एक ते तीन पौंड, झुंडीने येतात, आणि गवतातले बारके खेकडे-कोळंबी खातात, म्हणून फ्लायही बारकी, हुक सहा-आठ नंबरचा. गॉचा, क्रेझी चार्ली, बोनफिश बिटर्स, थोड्या हलक्या मण्यांच्या डोळ्यांच्या, थोड्या अजिबात डोळे नसलेल्या. जड डोळ्यांची फ्लाय टप्पकन पडली की उथळ पाण्यातली झुंड उधळते. एक-दोन खेकड्याच्या फ्लाय परमिटसाठी, आशा म्हणून.

चष्मा पोलराइज्डच हवा, तांबूस किंवा तपकिरी काचेचा, दोघांना दोन. हा म्हणाला आळीपाळीने वापरू. नाही. जो रॉड धरत नाही त्यालाही मासा दिसला पाहिजे, नाहीतर तो दिवसभर नुसता चमकणारा पत्रा बघत बसतो. टोपीच्या कडेची खालची बाजू काळी किंवा गडद. लांब बाह्यांचे पातळ शर्ट, गळ्यावर-तोंडावर ओढायचा बफ, बोटांना पातळ मोजे. सनस्क्रीन आणि डास-क्रीम लावलेला हात लाइनला लागला तर लाइन खराब होते, तळवा पुसून घ्या. कडक तळव्याचे फ्लॅट्स बूट घ्या, क्रॉक्स घालून चिखलात उतरू नका, मी उतरले, एक तिथेच राहिला.

हुक आणि फ्लाय चेक-इन बॅगेत, रॉड आणि रील जवळ. बेलीझ सिटीहून सॅन पेद्रोला छोटं विमान जातं, पंधरा-वीस मिनिटं, बॅगा नरम आणि हलक्या ठेवा. वॉटर टॅक्सी स्वस्त, दीड तास.

गाईड आणि दिवस कसे लावायचे

आम्ही सात रात्रींत सलग चार पूर्ण दिवस गाईड घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बोटीवर आमचं जे काही भांडण झालं ते मराठीत झालं म्हणून बरं, गाईड बिचारा खाजणाकडे बघत उभा होता. ऊन, आठ तास, दोन माणसं आणि एकच जागा.

ते कसं आहे, सॅन पेद्रोत लांबट पांगा बोट असते, मागे गाईड लांब काठीने ढकलतो आणि पुढच्या टोकावर एकच माणूस उभा राहून टाकतो. दुसरा मधे बसतो. दोघांनी एकदम टाकायचं म्हणजे हुक एकमेकांच्या डोक्यात. म्हणजे तुमच्या दिवसाचा अर्धा वेळ तुम्ही प्रेक्षक आहात, हे मान्य करूनच पैसे भरा.

म्हणून माझा आराखडा असा. पहिला दिवस काही नाही, पोचा, झोपा, गोल्फ कार्टने गाव बघा. दुसऱ्या दिवशी सकाळचा अर्धा दिवस गाईड, नुसतं डोळे बसायला. तिसऱ्या दिवशी पूर्ण दिवस दोघं. चौथ्या दिवशी सुट्टी. पाचव्या दिवशी ज्याचं वेड जास्त तो एकटा जातो, दुसरा स्नॉर्केलिंगला, होल चान हा समुद्राचा भाग १९८७ पासून राखीव आहे, तिथे नर्स शार्क आणि पाकट तुमच्या भोवती फिरतात आणि कुणी तुम्हाला रॉड खाली ठेव म्हणून सांगत नाही. सहाव्या दिवशी पुन्हा दोघं, जमेल तर पूर्ण दिवस. बोट दोघांत एकच, भाव बोटीचा असतो माणसाचा नाही, आम्हाला पूर्ण दिवसाला साडेचारशे अमेरिकन डॉलरच्या आसपास पडला. वर टिप पंधरा-वीस टक्के, रोख. फिशिंग लायसन्स प्रत्येकाचं वेगळं लागतं, ते काढायला गाईड मदत करतात, आधी विचारून ठेवा.

गाईडला बुकिंगच्या वेळी खरं सांगा. "आम्ही दोघं नवीन, ती चाळीस फूट टाकते, तो पन्नास म्हणतो पण पस्तीस." बायकोने रॉड धरायचा आहे हेही स्पष्ट सांगा. आमच्या पहिल्या सकाळच्या गाईडने मला सरळ सावलीत बसायला कुशन दिलं होतं.

बोटीवर

पाळी सकाळी किनाऱ्यावरच ठरवा. आमचा नियम नंतर असा झाला: एक मासा, किंवा दोन वाया घालवलेल्या संधी, किंवा वीस मिनिटं, जे आधी होईल ते, की खाली उतरायचं. घड्याळ बसलेल्याच्या हातात.

दुसरा नियम त्याहून मोठा. बोटीवर गुरू एकच, तो मागे काठी घेऊन उभा आहे. नवऱ्याने बोलायचं नाही. बायकोनेही नाही. "अगं थांब थांब, आता, आता टाक, नाही नाही" हे कानात पडत असताना जगात कुणालाही कास्ट जमलेला नाही. बसलेल्याने पायाशी पडलेली लाइन मोकळी ठेवायची, बुटाखाली आलेली काढायची, पाणी द्यायचं, आणि गप्प.

गाईड घड्याळाच्या भाषेत बोलतो, बोटीचं टोक म्हणजे बारा. "बोनफिश, इलेव्हन ओ'क्लॉक, फॉर्टी फीट." तुम्हाला काहीही दिसत नाही, हे नॉर्मल आहे. रॉड त्या दिशेला रोखा, तो म्हणेल आणखी डावीकडे, आणखी, थांब, आता टोकाच्या सरळ रेषेत बघ. दिसला असं खोटं सांगू नका, फुकट टाकाल. मासा शोधू नका, सावली शोधा. बोनफिशचं अंग आरसा असतं, त्यात खालचं गवतच दिसतं, पण वाळूवरची सावली त्याला लपवता येत नाही.

माझा पहिला असा. साडेनऊ वाजलेले, ऊन पाठीवर, पाणी मांडीपर्यंतसुद्धा नाही. आधी पाण्याचा एक तुकडा थरथरला, वारा नसताना चहाच्या कपावर फुंकर मारावी तसा, मग त्यातून चार-पाच शेपट्या वर आल्या, पारदर्शक, उन्हात काचेच्या तुकड्यांसारख्या, आणि परत खाली. डोकं चिखलात खुपसून खातात तेव्हा शेपटी बाहेर येते. माझे गुडघे खरंच लटपटले. टाकली, दोन हात कमी पडली, गाईड म्हणाला सोड, राहू दे, हलवू नको. झुंड स्वतःच चालत आली. "स्ट्रिप. लाँग. स्टॉप." म्हणजे लाइन ओढ, लांब, थांब. एक मासा तिरका झाला. "स्ट्रिप." लाइन जड झाली, ओल्या टॉवेलला अडकल्यासारखी, मी ओढत राहिले आणि मग ती बोटांतून जळत गेली. बॅकिंग नारिंगी रंगाचं आहे हे मला तेव्हा कळलं. दोन पौंडाचा मासा होता फक्त. मागे बसलेला माणूस शब्दशः तोंडावर हात दाबून बसला होता.

पळतो तेव्हा लाइन पकडायची नाही, रीलला पळू द्या, रॉड उंच. थांबला की गुंडाळा. तो परत पळेल, दोनदा तरी.

गाईड म्हणाला तर उतरून चालायला जा, मजा त्यातच आहे. पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, वाळूत पाकट बसलेली असते, घासलेल्या पायाने ती उडून जाते, टाकलेल्या पायाखाली आली तर काटा मारते. मालवणात आजोबा हेच सांगायचे, त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला.

मासा हातात आल्यावर

सोडायचा. बोनफिश, परमिट आणि टार्पन सोडणं बेलीझमध्ये २००९ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, मग गेलात कशाला? हुकचा काटा आधीच पकडीने दाबून टाका, हात ओले करा, मासा पाण्यातच धरा, फोटोसाठी दोन-तीन सेकंद वर, बास. फोन कुणाच्या हातात, कुठली बाजू उन्हाची हे आधी ठरवा. जवळ बाराकुडा किंवा मुशी फिरत असेल तर लवकर ओढून घ्या आणि दुसरीकडे नेऊन सोडा, थकलेला बोनफिश त्यांना आयता घास.

परमिटबद्दल फार लिहीत नाही कारण आम्हाला मिळाला नाही. हा खरं तर आपल्या हलव्याच्या कुळातला, ताटाएवढा, काळी विळ्यासारखी शेपटी, आणि इतका संशयी की चांगले चांगले लोक वर्षानुवर्षं हात हलवत परत येतात. नवऱ्याने दोन परमिटना टाकून पाहिलं, एकाने फ्लायपर्यंत येऊन बघितलं आणि निघून गेला, तरी नवरा संध्याकाळभर तेच सांगत होता. एका दिवसात तिन्ही जाती मिळाल्या तर ग्रँड स्लॅम म्हणतात, पहिल्या ट्रिपला हा शब्द गाईडसमोर काढूच नका, सगळा दिवस परमिटच्या मागे जाईल आणि बोनफिशची मजाही जाईल. छोटे टार्पन मात्र खाजणात नक्की बघा, तिवरांच्या मुळांखालून उडी मारतात.

संध्याकाळ

रोज संध्याकाळी रील, रॉड, पक्कड, फ्लाय सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, ड्रॅग घट्ट ठेवून हलक्या धारेखाली, जोराच्या फवाऱ्याने मीठ आत जातं. धुऊन झालं की ड्रॅग सैल करून पंख्याखाली वाळवा. वापरलेल्या फ्लाय परत बॉक्समध्ये ओल्या ठेवल्या तर दोन दिवसांत सगळा बॉक्स गंजतो.

सूर्य उतरला की वाळूत बारीक चिलटं निघतात, दिसत नाहीत पण घोटे फोडून काढतात, तेव्हा लांब पँट. पूर्वेच्या किनाऱ्यावर काही महिने सारगॅसम शेवाळ येऊन कुजतं, वास येतो, हॉटेल घेताना अलीकडचे फोटो मागवा. जेवायला राजमा-भातासारखं राइस अँड बीन्स सगळीकडे, स्ट्यू चिकन, सकाळी फ्राय जॅक्स, जे आपल्या पुरीचे चुलतभाऊ आहेत, आणि मारी शार्प्सचा हबानेरो सॉस, दोन बाटल्या बॅगेत येतातच. लॉबस्टर एप्रिलमध्ये बंद असतो, कुणी देत असेल तर घेऊ नका. तांबोशी मिळाली तर तळून मागा. रीफवरचा मोठा बाराकुडा खाऊ नका, त्यात विष साठलेलं असू शकतं आणि ते शिजवून जात नाही.

सुट्टीच्या दिवशी शेजारच्या 'की कॉकर' बेटावर जा, तिथे एका धक्क्यावर मोठाले टार्पन लोकांच्या हातातून मासळी खायला उडी मारतात. ह्याने आठवडाभर ज्याच्यासाठी ऊन खाल्लं तो मासा एका सात वर्षांच्या पोराच्या मुठीला लटकलेला बघून त्याचा चेहरा काय झाला होता, तो व्हिडिओ माझ्याकडे आहे.

शेवटच्या दिवशी टिप देताना उरलेल्या फ्लाय, न उघडलेले लीडर आणि फ्लोरोकार्बनचे रीळ गाईडला विचारून देऊन टाका, तिथे हे सामान सहज मिळत नाही आणि महाग पडतं. मी माझ्या गॉचा सगळ्या दिल्या, एक सोडून. तिचं पिस निम्मं गेलंय, हुक किंचित उघडलाय, ती फ्रिजवर चुंबकाला लावली आहे.